घडीची करवत

कापलेल्या लाकडाच्या तोंडावरून माझ्या मैत्रिणीनं तळहात फिरवला आणि ती म्हणाली, "बघ ना, किती गुळगुळीत कापलंय!" ते लाकूड मी कापलेलं नव्हतं. ज्या बाईंनी कापलं होतं त्या आमच्याबरोबर पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि तिथून पुढे बरेच दिवस मी त्या बाईंवर जळत होते.

हे सांगताना अजून ओशाळायला होतं. मी पंचेचाळिशीतली बाई. विमा कंपनीत नोकरी, वसईत फ्लॅट, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी. ह्या वयात मैत्रिणीवरून कुणावर जळावं, आणि तेही एका करवतीच्या निमित्तानं, हे माझं मलाच पटत नव्हतं. पण जळत होते हे खरं.

मैत्रीण वसईजवळच्या गिरीजची. वसईच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हापासूनची. तिच्या घरची केळी-नारळाची वाडी आहे, शिवाय ती शाळेत गणित शिकवते. तिचे वडील गेले त्या वर्षी नाताळ झाल्यावर ती मला म्हणाली होती, "मला एक दिवस अशा ठिकाणी जायचंय, जिथे कुणी येऊन माझा हात हातात घेऊन बसणार नाही." कामणच्या पुढे, चिंचोटीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तिच्या मामाची थोडी जागा आहे. पंधरा-वीस आंबे, कडेला ऐन आणि जांभूळ, आणि जानेवारीपर्यंत पाणी टिकवणारा एक ओहोळ. पावसाळ्यात धबधब्यावर येणाऱ्यांच्या गाड्यांनी तो रस्ता भरून जातो, हिवाळ्यात मात्र चिटपाखरू नसतं. आम्ही दोघी तिच्या गाडीतून गेलो, उसना आणलेला तंबू ठोकला, सुकटीचं कालवण रांधलं, पावाबरोबर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या तिच्या संध्याकाळच्या मिस्सेच्या आत परत आलो. मग ते दर हिवाळ्याचंच झालं.

कामं वाटलेली होती. चूल तिची, लाकूड माझं. उभ्या झाडाला हात लावायचा नाही अशी मामांची ताकीद होती, त्यामुळे पडलेल्या, वाळलेल्या फांद्या गोळा करायच्या आणि चुलीत मावतील एवढे तुकडे करायचे. त्यासाठी मी तिच्या वाडीतला कोयता वापरायची. केळीच्या पानांना, नारळाला कोयता चांगला, पण मनगटाएवढ्या वाळक्या आंब्याच्या फांदीवर तो उडतो. एकदा उडून माझ्या नडगीवर बसला आणि पाच टाके पडले. घरी मी सांगितलं, दगडावरून घसरले. तुकडे वेडेवाकडे व्हायचे, कपच्या उडायच्या, तळहाताला फोड यायचे. पण दुपारभर खपून मी ढीग रचला की मैत्रीण म्हणायची, "तू नसतीस तर मी कच्ची सुकट खाल्ली असती." ऑफिसात माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, घरातही आताशा फारसं नाही. त्या एका दिवसाची मी वाट बघायची.

मग ड्रॉइंग मॅडम आल्या.

मैत्रिणीच्या शाळेत त्या जूनमध्ये चित्रकला शिकवायला लागल्या होत्या. वय पस्तीसच्या आसपास, राहायला नालासोपाऱ्याला, वडिलांचा तिथेच फर्निचर बनवायचा गाळा. मैत्रीण फोनवर अधूनमधून त्यांच्याबद्दल बोलायची. गणपतीपर्यंत "आमच्या ड्रॉइंग मॅडम" म्हणायची, दिवाळीनंतर नुसतंच "ती". ती असं म्हणाली, तिनं डब्यात हे आणलं. मला कॉलेजात "ती" व्हायला दोन वर्षं लागली होती.

निघायच्या दोन दिवस आधी मैत्रिणीचा फोन आला. "ह्या वेळी तीपण येतेय हं. चालेल ना तुला?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणाले, आणि फोन ठेवून उगाचच भांडी घासायला घेतली.

मामांच्या जागेवर पोचल्यावर मी नेहमीसारखा कोयता घेऊन बसले. ड्रॉइंग मॅडम थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून मोठ्या चाकूसारखं काहीतरी काढलं आणि उघडलं. मुठीतून वीतभर लांबीचं दात्यांचं पातं बाहेर आलं. घडीची करवत मी तोवर पाहिली नव्हती.

"ताई, मी करू थोडं?"

"करा की," मी म्हणाले. त्या मला ताई म्हणत होत्या, मी त्यांना मुद्दाम अहो-जाहो करत होते.

त्यांनी फांदी एका दगडावर ठेवली, टोक बाहेर काढलं, पायानं दाबून धरलं आणि करवत आपल्याकडे ओढली. पुढे नेताना हात अगदी हलका, ओढताना मात्र भार. खर्र, खर्र, खर्र, आणि तुकडा खाली पडला. माझे तीन तुकडे होईपर्यंत त्यांचे पंधरा झाले. मैत्रीण चुलीजवळून उठून आली आणि तिनं तो तळहात फिरवला. माझ्या तुकड्यांवरून कुणी हात फिरवला असता तर कुसळ गेलं असतं हे मलाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

"तू आज आराम कर ना," मैत्रीण मला म्हणाली.

मी बटाटे सोलायला बसले. त्या दोघी शाळेतल्या कुठल्याशा शिपायाच्या नकला करून हसत होत्या. त्या शिपायाला मी कधी पाहिलेलंही नव्हतं.

परत आल्यावर मी करवत शोधायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोणावर चालवायचीय?" मुलीनं फोनवर व्हिडिओ लावून दिले. दाढीवाले परदेशी लोक बर्फातल्या जंगलात बसून लाकडं कापत होते. जेवणाच्या सुट्टीत मी तेच बघायची. घडीच्या करवती वेगळ्या. सायकलच्या चेनसारख्या, दोन टोकांना कड्या असलेल्या, खिशात मावणाऱ्या साखळीच्या करवती वेगळ्या. आणि सुटे भाग जोडून चौकट तयार करायच्या त्या वेगळ्या. घडीची पातळ करवत ओढतानाच कापते, ढकलताना जोर दिला तर पातं वाकतं, हे प्रत्येक दाढीवाल्यानं सांगितलं. इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं.

स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातही गेले. दुकानदारानं विचारलं, "काय कापणार? ओलं की सुकं? जाडी किती?"

"तुमच्याकडे मोठ्यात मोठी कुठली आहे?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर माझी निवड तेवढ्यावरच चालली होती. त्यांची वीतभर आहे ना, मग माझी हातभर हवी. शेवटी मी चौकटीची मागवली. तीन नळ्या, दोन नट, ताणून बसवायचं लांब पातं. सोसायटीत नुकतीच गुलमोहराची छाटणी झाली होती. त्यातली एक फांदी मी वॉचमनकडून मागून घेतली आणि पार्किंगमध्ये कापून बघितली. लोण्यासारखी कापली गेली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कचरेवाला ले जाता है ना, आप काहे को मेहनत करती हो?" मी त्याला दोन्ही तुकडे दाखवले. गुलमोहर ओला होता आणि मुळात काकडीसारखं लाकूड त्याचं, पण मी त्या दिवशी जिंकल्यासारखी जिना चढले.

फेब्रुवारीत मीच मैत्रिणीला फोन केला. "पुन्हा जाऊ या का?"

"एका हिवाळ्यात दोनदा?"

"काय हरकत आहे? आणि तुझ्या ड्रॉइंग मॅडमनाही सांग." मला बघायला माणूस हवं होतं.

गेलो. करवत जोडायला घेतली तर एक नट हातातून सुटून वाळक्या गवतात पडला. तिघी गुडघ्यांवर बसून शोधत होतो. सापडला तो ड्रॉइंग मॅडमना. मग मी मुद्दाम आंब्याची मांडीएवढी जाड पडलेली फांदी निवडली. ती दोन दगडांवर आडवी होती. मी बरोबर मधोमध सुरुवात केली. निम्म्यापर्यंत झकास गेले, आणि मग करवत जागीच थांबली. ना पुढे, ना मागे. मी ओढलं, हिसके दिले. चौकट कुरकुरायला लागली.

"ताई," ड्रॉइंग मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "लाकूड दोन्हीकडे टेकलंय. मध्ये कापलं की ते खाली दबतं, काप मिटतो आणि पातं आत धरलं जातं. बाहेर आलेल्या टोकाकडून कापलं की असं होत नाही."

"ऐक तिचं," मैत्रीण चुलीपाशी बसून म्हणाली. "तिचं घरचंच शिक्षण आहे."

त्या हिणवून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण आवाज इतका साधा होता की मला तोंड फिरवायलाही जागा नव्हती. मी हात पुढे केला. "द्या बघू तुमची."

त्यांनी लगेच दिली. "फक्त ओढतानाच भार द्या हं. ढकलताना नको, पातं पातळ आहे."

"हो," मी म्हणाले.

मी दुसरी, टोक मोकळं असलेली फांदी घेतली, करवत टेकवली आणि सगळं अंग घालून पुढे ढकलली. पातं धनुष्यासारखं वाकलं. मला थांबता आलं असतं. मी पुन्हा ढकलली. टक् असा बारीक आवाज झाला आणि पात्याचा तुकडा भुशात पडला.

"अगं बाई, हे काय झालं!" मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला.

ड्रॉइंग मॅडमनी तुकडा उचलला, ओढणीला पुसला आणि रुमालात बांधून ठेवला. "असू दे ताई. होतं असं." मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं आणि उगाच ढवळत राहिली. माझी करवत अडकलेली, त्यांची मोडलेली, आणि कोयता ह्या वेळी आणलाच नव्हता; मोठं लाकूड कापायला आता काहीच नव्हतं. काटक्यांवर कसाबसा भात झाला. दुसऱ्या दिवशी मला सोडताना मैत्रीण गाडी बंद न करताच थांबली, आणि मी उतरल्यावर निघून गेली.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी केला तर म्हणायची, "पेपर तपासतेय." तीन आठवड्यांनी एका रविवारी तिची सकाळची मिस्सा आटोपली असेल अशा बेतानं मी गिरीजला गेले. ती वाडीत केळीची वाळलेली पानं उतरवत होती. मला बघून थांबली नाही.

"तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हो," मी म्हणाले.

"तिला मी का बोलावलं होतं, माहितीय तुला?"

"तुमचं जमतं म्हणून."

"तुझ्या पायासाठी." तिनं हातातली पानं खाली टाकली. "गेल्या वर्षी कोयता लागला तेव्हा तू मागच्या सीटवर बसून हसत होतीस. टॉवेल लाल होत होता आणि तू हसत होतीस. मी गाडी चालवत होते. कामणपासून वसईपर्यंत माझे हात थरथरत होते. बाबांना हॉस्पिटलात नेताना थरथरले होते तसे. तुला म्हटलं असतं, कोयता सोड, तर सोडला असतास?"

"नाही."

"म्हणून मी स्टाफरूममध्ये तिला विचारलं, लाकडं कापायला दुसरं सोपं काय असतं. ती म्हणाली, दाखवायलाच येते."

मी पाटाच्या कडेला बसले. पाटात पाणी चालू होतं. माझ्या तोंडून अगदीच पोरकट वाक्य बाहेर पडलं. "तू तिला सहा महिन्यांत 'ती' म्हणायला लागलीस."

मैत्रिणीला हसू आलं, पण रागही होताच. "अगं वेडे, दिवसभर शाळेत असते मी. तिथे बोलायला कुणी नको का मला? तू काय येऊन बसणार आहेस?" मग तिनं पुन्हा पानं उचलली. "आणि हे मला काय सांगतेस? करवत तिची होती."

पुढच्या शनिवारी मी नालासोपाऱ्याला गेले. बरोबर करवतीचं नवीन पातं घेतलं होतं. गाळा एका गल्लीच्या टोकाला होता. आत प्लायवूडचे तक्ते उभे, जमिनीवर घोट्याएवढा भुसा, आणि ड्रॉइंग मॅडम एका कपाटाच्या दारावर पेन्सिलनं वेल काढत बसलेल्या. त्यांचे वडील पलीकडे रंधा मारत होते. मी मॅडमना म्हणाले, "मला तुमच्याशी बोलायचंय," तरी वडिलांनी रंधा थांबवला नाही.

"तुमची करवत मी मुद्दाम तोडली," मी म्हणाले.

"कळलं होतं मला." त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. "नवशिक्याच्या हातून एकदा चुकून ढकललं जातं. पातं वाकलेलं दिसल्यावर दुसऱ्यांदा कुणी ढकलत नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही दोघी जुन्या मैत्रिणी. भांडण झालं असतं तर परत जाताना गाडीत मी कुठे बसणार होते?" त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "मला राग आला होता ताई. अजून आहे."

मी माफी मागितली. त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं. मी पातं पुढे केलं. त्यांनी पाकीट फोडलं, अंगठा दात्यांवरून अलगद नेला आणि वडिलांकडे बघून म्हणाल्या, "बाबा, हे बघा."

वडिलांनी रंधा ठेवला, पातं उजेडात धरलं आणि हसले. "हे बारीक दात्यांचं. कपाटाला, चौकटीला चांगलं. जंगलातल्या फांदीला मोठे दाते लागतात. भुसा बाहेर पडायला जागा नको का?"

तीन आठवडे दाढीवाले बघून मी चुकीचं पातं आणलं होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हाताऱ्यांना मात्र त्यात काही वाटलं नाही. त्यांनी मला विचारलं, "लाकूड कसलं असतं तिकडे?"

"आंबा. ऐन. वाळलेलं."

"जास्तीत जास्त केवढं जाड लागतं चुलीला?"

मी हाताच्या बोटांनी दाखवलं. ते मनगटाहून फार जास्त नव्हतं. मांडीएवढी फांदी आम्हाला कधीच लागली नव्हती.

त्यांनी फणसाच्या लाकडाचा एक वाळका तुकडा शिकंज्यात आवळला, आणि भिंतीवरच्या तीन घडीच्या करवती माझ्यापुढे ठेवल्या. "एकेक काप घ्या. लांबी नका बघू. मनगट सरळ राहतंय का तेवढं बघा." माझा हात आपोआप सगळ्यात लांब करवतीकडे गेला होता, ते त्यांनी पाहिलं असावं. लांब करवतीनं मनगट वळत होतं. मधलीची मूठ जाड होती. तिसरी हातात बसली. ती ड्रॉइंग मॅडमच्या करवतीपेक्षा आखूड होती. मी दहा-बारा काप घेतले. म्हातारे मध्येच म्हणायचे, "हलकं. पुढे जाताना नुसतं न्यायचं." ड्रॉइंग मॅडम पुन्हा आपल्या वेलीकडे वळल्या होत्या. तिसऱ्या कापाला त्यांनी एकदा मान वर करून बघितलं.

त्या डिसेंबरात त्या आल्या नाहीत. शाळेचं काहीतरी कारण सांगितलं. मी आणि मैत्रीण दोघीच गेलो, अगदी मला हवं होतं तसं. गाळ्यात हातात बसली होती तसलीच आखूड करवत मी विकत आणली होती, तिनंच लाकडं कापली. तुकडे सरळ आले, हातही दुखले नाहीत, आणि अर्ध्या तासात काम संपलं. उरलेली दुपार काय करायचं हे मला कळेना. मैत्रीण म्हणाली, "छान झालं की," आणि चुलीचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला. कुणाला ते मी विचारलं नाही.

ह्या वर्षी मीच ड्रॉइंग मॅडमना फोन केला. त्या "बघते" म्हणाल्या, आणि आल्या. आपली करवत घेऊन आल्या, तिला नवं पातं होतं. त्या आणि मी मिळून लाकडं कापली, फारसं न बोलता. संध्याकाळी चूल पेटल्यावर मैत्रीण आणि त्या शाळेतल्या कुठल्यातरी पालकसभेचं बोलायला लागल्या. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. माझ्या छातीत ती जुनी कळ आली. तशीच्या तशी आली. मला वाटलं होतं, माफी मागितली की ती जाते.

मी उठले. "अजून थोडी लाकडं आणते."

"आहेत की भरपूर," मैत्रीण म्हणाली.

मी ओहोळाकडे निघाले. मागे पाचोळा वाजला म्हणून वळून पाहिलं, तर ड्रॉइंग मॅडम येत होत्या. "पलीकडे ऐनाची एक चांगली फांदी पडलीय," त्या म्हणाल्या. "एकटीला उचलायची नाही ती."

अजून उजेड होता. ओहोळात घोट्याइतकं पाणी होतं. आम्ही चपला हातात घेऊन पलीकडे गेलो. फांदी खरंच लांबलचक होती. त्या एका टोकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला मी अजून आवडत नाही ना?"

"कधी कधी नाही आवडत," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या. "धरा तुम्ही ते टोक."

मी धरलं. फांदी दिसत होती त्याहून बरीच जड निघाली. परत येईपर्यंत आम्हाला ती दोनदा खाली ठेवावी लागली.